राजधानी गेली, घरे राहिली

राजधानीच्या शहरी परगावचा पाहुणा आला, म्हणजे त्याला दाखवावयाच्या गोष्टी बहुधा ठरलेल्या असतात. राजवाडा, सचिवालय, एखादे मोठे देऊळ किंवा चर्च, चौकातला पुतळा आणि नदीकाठचा रस्ता एवढे दाखविले की यजमानाचे कर्तव्य संपते आणि पाहुण्याचेही समाधान होते. परंतु त्या शहरात माणसे कशी राहत होती, संध्याकाळी कोणत्या ओट्यावर बसून ती एकमेकांची विचारपूस करीत होती, पावसाळ्यात त्यांची छपरे गळत होती की नाही, हे त्याला कोणी दाखवीत नाही. आणि तोही ते विचारीत नाही. वास्तविक शहराची खरी ओळख राजवाड्यापेक्षा घरांत अधिक असते.

गोमंतकाच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे. या एवढ्याशा भूमीने निदान चार राजधान्या पाहिल्या. पहिली चंद्रपूर, म्हणजे आजचे चांदर. दुसरी कदंब राजांनी अकराव्या शतकात जुवारी नदीच्या काठी नावारूपास आणलेली गोपकपट्टण. तिसरी मांडवीच्या काठची एळा; आदिलशाहीत ती भरभराटीस आली आणि १५१० मध्ये आल्बुकर्कने जिंकल्यानंतर पुढे पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील साम्राज्याची राजधानी झाली. तिलाच आज जुने गोवे म्हणतात. आणि चौथी पणजी. राजधानी उठून गेली म्हणजे मागे काय उरते, या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे असेल, तर त्यासाठी गोव्याइतकी सोयीची जागा दुसरी क्वचितच सापडेल.

जुन्या गोव्यापासूनच आरंभ करावा. तेथे प्रवाशाच्या दृष्टीस प्रथम पडतात ती चर्चे. १५६२ मध्ये आरंभ झालेले सी कॅथेड्रल, १६०५ मध्ये पूर्ण झालेली बॉम जेझूची वास्तू आणि संत आगुस्तीनच्या मठाचा तो अर्धा उरलेला उंच मनोरा. १९८६ मध्ये युनेस्कोने या समूहाला जागतिक वारशाचा मान दिला. प्रवासी हे सारे पाहतो, थक्क होतो. आणि मग त्याच्या मनात एक साधा प्रश्न उभा राहतो. एवढ्या मोठ्या देवालयांत प्रार्थनेला जाणारी माणसे राहत कोठे होती? त्यांच्या घरांचा मागमूस आज तेथे जवळजवळ नाही. संत कायतानच्या चर्चजवळ आदिलशाही वाड्याच्या दाराची काळ्या दगडाची चौकट तेवढी उभी आहे. दार आहे; पण आत जावे असे घर त्याच्या मागे नाही.

ही घरे गेली कशी? वारंवार येणाऱ्या साथींनी शहर पोखरले. जांभ्याची जमीन पाणी झिरपू देणारी. त्यामुळे विहिरी दूषित होत आणि रोग घरोघर पसरे. ज्यांना शक्य होते ती माणसे निघून गेली. १६९५ मध्ये खुद्द व्हाइसरॉयनेच शहरातला वाडा सोडला आणि तो जवळच्या पानेलीला राहावयास गेला. १७५९ मध्ये त्याचा मुक्काम पणजीला हलला. अधिकारी गेले, त्यांच्यामागे व्यापारी गेले. १८३५ च्या सुमारास धर्मसंघ बरखास्त झाले आणि मठही ओस पडले. एकोणिसाव्या शतकात पडक्या वाड्यांचे दगड काढून पणजीच्या बांधकामांसाठी नेण्यात आले. संत आगुस्तीनच्या मनोऱ्यातली मोठी घंटा १८७१ मध्ये पणजीच्या चर्चच्या दर्शनी भागावर चढली आणि आजही ती तेथे वाजते. राजधानीने जाताना घंटा नेली, दगड नेले; ज्या वस्तूंना पाय नव्हते त्यासुद्धा नेल्या. देवालये टिकली, कारण तेथे जाणारी माणसे टिकली. घरे मात्र राहणारे गेले त्याबरोबर गेली.

जुन्या गोव्याहून पणजीस येणारा रस्ता रायबंदरवरून येतो. रायबंदर ते पणजी हा सुमारे तीन किलोमीटरचा बांध लिन्यारिसच्या काउंटने, तो व्हाइसरॉय असताना, १६३३-३४ मध्ये खाजणातून बांधून काढला. एका बाजूस मांडवीचे पात्र आणि दुसऱ्या बाजूस मिठागरे व पाणथळ, असा हा रस्ता ओलांडताना एक गोष्ट लक्षात येते. पणजी हे मुळात शहर नव्हतेच. नदीकाठी आदिलशहाचा वाडा, टेकडीवर १५४१ चे लहानसे प्रार्थनामंदिर आणि भोवती दलदल व नारळीच्या बागा, एवढीच तिची संपत्ती. १८२७ ते १८३५ या काळात गोव्याचा कारभार पाहणारा दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु याने दलदली बुजविल्या, रस्ते आखले आणि सरकारी इमारती उठविल्या. पुढे १८४३ मध्ये राजाज्ञेने पणजीला ‘नोव्हा गोवा’, म्हणजे नवे गोवे, हे नाव आणि राजधानीचा दर्जा मिळाला.

आदिलशहाचा तो वाडा अजून उभा आहे. सुलतानाचा वाडा, मग व्हाइसरॉयचे निवासस्थान, मग सचिवालय, मग विधानसभा अशी चाकरी त्याने केली. २००० मध्ये विधानसभा मांडवीपलीकडे पर्वरीच्या टेकडीवर गेली. म्हणजे राजधानीने पुन्हा एकदा आपले बिऱ्हाड थोडेसे हलविलेच.

या वाड्याच्या शेजारी आबे फारियाचा पुतळा आहे. १७५६ मध्ये कांदोळीस जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये संमोहनविद्येचा अभ्यासक म्हणून नाव मिळविलेल्या या गोमंतकीय धर्मगुरूचा पुतळा रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविला. तो १९४५ मध्ये उभारला गेला. प्रवासी पुतळ्यासमोर थांबतो, छायाचित्र काढतो आणि पुढे जातो. त्याने मान थोडी वळविली असती, तर जवळच म्हामाय कामतांचे जुने घर त्याला दिसले असते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत हे घराणे व्यापारात अग्रेसर होते. मकाव, मोझांबिक, फ्रेंचांच्या ताब्यातील बेटे येथपर्यंत त्यांचा पत्रव्यवहार चाले. या घरातले कागद आज पर्वरीच्या झेवियर ऐतिहासिक संशोधन केंद्रात जपलेले आहेत. त्यांत पोर्तुगीज व फ्रेंच पत्रे आहेत, तशीच मोडी लिपीतली मराठी पत्रेही आहेत. सरकारी दप्तरात राजाची आज्ञा सापडते. पण कोणते गलबत उशिरा आले, कोणाची हुंडी परत गेली, हे घरच्या कागदांतच सापडावयाचे. पोर्तुगीज अमलाखालच्या राजधानीत, राजवाड्याच्या सावलीत, एक घर आपला हिशेब मोडीत लिहीत होते ही गोष्ट मराठी वाचकाने विसरण्याजोगी नाही.

याच शहरात १८१८ मध्ये महालक्ष्मीच्या देवळाला परवानगी मिळाली. विसाव्या शतकाच्या आरंभी येथेच मुष्टिफंड संस्थेची मराठी शाळा निघाली. घरोघरच्या मूठभर तांदळाची आठवण त्या संस्थेच्या नावातच राहिली आहे. राज्यकर्त्यांच्या भाषेत ज्यांना जागा नव्हती, त्यांनी आपली भाषा प्रथम घरात सांभाळली आणि मग घराबाहेर आणली. घराचे हे काम राजवाड्याला कधी साधलेले नाही.

आता फोंताइन्हासकडे वळू. आल्तिनो टेकडीचा उतार आणि ओरेंची खाडी यांच्या बेचक्यात वसलेली ही पेठ. टेकडीच्या पायथ्याशी पाण्याचा झरा आहे. पोर्तुगीज भाषेतल्या झऱ्यावरून पेठेला नाव पडले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मोझांबिकमध्ये धन मिळवून परतलेल्या आंतोनियु जुआंव द सिकेर या गोमंतकीय गृहस्थाने येथे नारळीची बाग लावली. लोक त्याला ‘मोझ्मीकार’ म्हणत. बागेच्या जागी हळूहळू घरे उठली. येथे एक गोष्ट स्पष्ट बोलून दाखविली पाहिजे. त्या काळच्या मोझांबिक-गोवा व्यापारात मालाबरोबर माणसांचीही खरेदी-विक्री होत असे. जुन्या घराचे सौंदर्य वाखाणताना त्या पैशाची वाट विसरून चालणार नाही. घर आपल्या मालकाचा गौरव सांगते, तसेच ते त्याच्या काळाचे पापही सांगते; पाहणाऱ्याने दोन्ही ऐकून घ्यावे.

फोंताइन्हासच्या गल्ल्या अरुंद आहेत. दोन माणसे छत्र्या उघडून समोरासमोर आली तर एकीला वाट द्यावी लागते. घरे एकमेकांना खेटून उभी. भिंती निळ्या, पिवळ्या, गेरूच्या रंगाच्या. खिडक्यांच्या कडा पांढऱ्या. चर्चखेरीज दुसऱ्या वास्तूला सबंध पांढरा रंग देऊ नये आणि प्रत्येक घरधन्याने पावसाळा सरताच घर रंगवावे, असा पोर्तुगीज काळातला दंडक असल्याचे सांगतात. दंडक गेला, सवय काही प्रमाणात राहिली. तीमागे केवळ हौस नाही. गोव्याची घरे जांभ्याच्या चिऱ्यांची. चिरा जमिनीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की कठीण होतो. पण तो सच्छिद्र असल्यामुळे पाणी पितो. म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा आणि गिलाव्यावर दरसाल रंगाचा हात हवा. एक वर्ष चुकले तर शेवाळ धरते, तीन वर्षे चुकले तर भिंतीत पिंपळ उगवतो. छपरावर पूर्वी नळीची कौले असत. १८६५ मध्ये बाझल मिशनने मंगळुरास कारखाना काढल्यावर चपटी मंगळुरी कौले पसरली. कौल एक सरकले की खालचा वासा कुजू लागतो, आणि वासा कुजला की सारे छप्पर खाली ओढले जाते. तेव्हा घर टिकते ते दगडामुळे नव्हे. पावसाळ्यापूर्वी शिडी लावून छपरावर चढणारे एक माणूस त्या घरात आहे, म्हणून ते टिकते.

खिडक्यांची गोष्टही अशीच. काच दुर्मिळ होती, तेव्हा लाकडी चौकटीच्या खाचांतून पातळ, चपट्या शिंपल्यांचे घासून चौकोन केलेले तुकडे बसवीत. त्यांतून उजेड येतो, पण ऊन येत नाही. आतला माणूस बाहेरच्याला दिसत नाही. दारापुढे बलकांव, म्हणजे छपराचा ओटा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बसावयाचे दगडी सोपे. घराचे तोंड रस्त्याकडे. याच्या उलट रचना जुन्या हिंदू घरांची. तेथे घराचे मन आतल्या राजांगणात असते. मधोमध तुळशीवृंदावन, भोवती वसरी आणि खोल्या. एकाने बाहेर बसून गावाशी बोलावे, दुसऱ्याने आत बसून आकाशाशी. परंतु चिरा तोच, चुना तोच, सुतार-गवंडी तेच आणि पाऊसही तोच.

याच पेठेत संत सेबास्त्यांवचे चॅपेल आहे. त्यातला क्रूस पूर्वी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या वाड्यात होता. तेथून तो पणजीच्या राजवाड्यात आला आणि १९१८ मध्ये या चॅपेलमध्ये. त्यावरील ख्रिस्ताचे डोळे मिटलेले नाहीत, उघडे आहेत. गोव्यातील इन्क्विझिशन १५६० मध्ये सुरू झाले आणि १८१२ मध्ये कायमचे उठले. भयाच्या दालनात टांगलेला तो क्रूस आज गल्लीतल्या सामान्य माणसांच्या प्रार्थनेत सामील झाला आहे. सत्तेच्या घरातून माणसांच्या वस्तीत आल्यावर वस्तूचाही अर्थ कसा पालटतो, याचे हे उदाहरण होय.

पणजीहून सुमारे पस्तीस किलोमीटरवर मडगाव आणि त्याच्या पूर्वेस चांदर. सर्वांत जुनी राजधानी ती हीच. चंद्रपूरच्या राजवैभवातले आज फारसे काही जमिनीवर दिसत नाही. उत्खननात सापडलेले देवळाचे अवशेष आणि एक शिरविरहित नंदी, एवढीच खूण. परंतु त्याच गावात एक लांबच लांब दर्शनी भिंतीचे, खिडक्यांच्या रांगेचे घर उभे आहे. ब्रागांझा घराण्याच्या दोन शाखांचे हे घर. मधले दार सामाईक आणि दोन्ही अंगांना दोन बिऱ्हाडे. आत नृत्याचे दालन, झुंबरे, चिनी मातीची भांडी, कोरीव खुर्च्या आणि हजारो पुस्तकांचा संग्रह आहे.

हे घर केवळ श्रीमंतीसाठी पाहावयाचे नाही. लुईस द मिनेझिस ब्रागांझा (१८७८–१९३८) हे थोर पत्रकार याच घराण्यातले. १९०० मध्ये ‘ओ एराल्दो’ हे दैनिक काढण्यात त्यांचा वाटा होता. पुढे १९११ मध्ये त्यांनी ‘ओ देबात’ काढले. १९३० मध्ये पोर्तुगालने वसाहतींचा दर्जा खाली आणणारा कायदा केला, तेव्हा शासनमंडळाच्या बैठकीत उभे राहून त्याचा निषेध करण्याचे धैर्य त्यांनी दाखविले. गोवा काँग्रेस समितीचे संस्थापक त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्य यांचा जन्मही चांदरचाच, १८९१ चा. साम्राज्याच्या कृपेने मिळालेल्या झुंबराखाली बसून साम्राज्याविरुद्ध विचार करणारी माणसे या गावात वाढली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, त्या दिवसाची तयारी काही अंशी अशा घरांच्या पुस्तकांच्या कपाटांतही झाली होती.

तरीही या घरांपुढे आज एक कठीण प्रश्न आहे. मडगावच्या बोर्डा भागात ‘सात बुर्जांचे घर’ म्हणून प्रसिद्ध असलेली अठराव्या शतकाच्या अखेरची वास्तू आहे. छपराच्या सात उंच शिखरांवरून तिला नाव पडले. त्यांतली आज तीनच उभी आहेत. नाव सातांचे आणि शिखरे तीन! हा हिशेब अनेक घरांना लागू पडतो.

यास कोणा एकाचा दोष म्हणता येणार नाही. ही मोठी घरे शेतीच्या खंडावर चालत. १९६४ चा कूळकायदा आणि १९७६ ची त्यातील दुरुस्ती यांमुळे जमीन कसणाऱ्याची झाली. ते न्याय्यच होते. कसणाऱ्याच्या घामावर दुसऱ्याची झुंबरे कायम लटकावीत असे कोणी म्हणणार नाही. पण त्याबरोबर छप्पर शाकारण्याचा पैसाही आटला. दुसरी गोष्ट वारसाची. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली तत्त्वे गोव्यात अजून चालू आहेत. पतिपत्नीचा मालमत्तेत निम्मा-निम्मा हक्क आणि मुलगा-मुलगी असा भेद न करता सर्व अपत्यांना सारखा वाटा, हे त्यांचे सूत्र. उर्वरित देशाने हेवा करावा अशी ही समता. परंतु तीन पिढ्यांत एका घराचे वीस-पंचवीस मालक होतात. कोणी मुंबईस, कोणी लिस्बनला, कोणी कॅनडात. विकावयाचे तर साऱ्यांची संमती हवी आणि दुरुस्त करावयाचे तर खर्च कोणी करावा याचा निकाल लागत नाही. तोवर पावसाळे थांबून राहत नाहीत. सर्वांचे असलेले घर असे कोणाचेच राहत नाही.

म्हणूनच घरे पाहण्यास जाणाऱ्यावरही काही जबाबदारी येते. चांदरसारख्या ठिकाणी घरची माणसे स्वतः दालने दाखवितात आणि पाहुण्यांनी स्वखुशीने दिलेल्या रकमेचा देखभालीस हातभार लागतो. तेथे हात आखडता घेऊ नये. फोंताइन्हासची परिस्थिती निराळी आहे. ते पदार्थसंग्रहालय नव्हे. तेथे माणसे राहतात. अलीकडच्या वर्षांत छायाचित्रांसाठी येणाऱ्यांची एवढी दाटी होऊ लागली की काही घरांवर छायाचित्रे न घेण्याबद्दल पाट्या लागल्या. परक्याच्या पायरीवर बसून आपले चित्र काढविणे आणि त्याच वेळी आतल्या आजारी म्हातारीला दार उघडावयास जागा न ठेवणे, याला घर पाहणे म्हणत नाहीत. रंगीत भिंत सर्वांना हवी असते. ती रंगविणाऱ्याची दुपारची झोप मात्र कोणाच्या ध्यानात राहत नाही. असाच त्रास वाढत गेला, तर राहणारे निघून जातील, घरांची उपाहारगृहे आणि विश्रामगृहे होतील, आणि मग भिंती रंगीत राहूनही पेठ जुन्या गोव्यासारखीच ओस होईल. फरक एवढाच, की जुने गोवे साथीने ओस पडले आणि हे कौतुकाने पडेल.

तेव्हा, श्रोतेहो, गोव्यास जाण्याचा योग आला, तर राजवाडा आणि चर्चे अवश्य पाहावीत; पण अर्धा दिवस घरांसाठी राखून ठेवावा. गल्लीतून हळू चालावे. बलकांवावर कोणी बसले असेल तर नमस्कार करावा आणि आत पाहण्याची इच्छा असेल तर आधी विचारावे. नकार मिळाला तर तो मालकाचा हक्क समजावा. आणि परत आल्यावर एक गोष्ट अवश्य करावी. बेळगाव असो, इंदूर असो, बडोदे असो की ग्वाल्हेर, आपल्या मराठी वस्त्यांतही राजधान्यांच्या आश्रयाने उठलेले वाडे आहेत. त्यांच्याही सातबुर्जांपैकी काही ढासळले आहेत. पुढचा पावसाळा येण्यापूर्वी त्यांतल्या आपल्या छपरावरचे एखादे सरकलेले कौल नीट बसवावे. चार राजधान्यांनी गोव्याला शिकविलेला धडा एवढाच आहे. सत्ता आपले दगडसुद्धा उचलून नेते. घर राखावयाचे असेल तर त्यात कोणीतरी राहावे लागते.